मुशी, युरिया आणि शेठचा टका

कोंबडीखाद्याच्या मिलमध्ये प्रथिनं मोजायची मी नोकरी केली, आणि त्या सगळ्या काळात प्रथिन एकदाही पाहिलं नाही. लोकांना वाटतं बाई विनोद करते. पण जगातल्या बहुतेक खाद्य-मिलांत हे असंच चालतं आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही.

पद्धत सांगते. मासळी, सोयाबीन, मका, जे काही आलं असेल ते कुटायचं. त्यातली चिमूटभर पूड लांब मानेच्या काचेच्या चंबूत घालायची, वर गंधकाम्ल ओतायचं आणि उकळत ठेवायचं. आधी काळाकुट्ट रस्सा होतो, मग हळूहळू निवळतो. जे काही होतं त्याची राखरांगोळी होऊन आत उरतो फक्त नायट्रोजन, तोही वेषांतर करून. मग कॉस्टिक सोडा घातला की त्याचा अमोनिया होऊन बाहेर पडतो, नाकात झणझणतो. तो पकडून मोजायचा, त्यावरून नायट्रोजन काढायचा आणि आलेल्या आकड्याला सव्वासहाने गुणायचं. झालं प्रथिन! सव्वासहा का, तर साधारण प्रथिनाच्या शंभर भागांत सोळा भाग नायट्रोजन असतो म्हणून. लग्नाच्या पंगतीतली माणसं न मोजता मांडवाबाहेरच्या चपला मोजायच्या आणि दोनाने भागायचं, तसा हा हिशेब. कुणी येताना दोन जोड आणले तर पंगतीत एक माणूस वाढतो.

माझं घर डहाणूला आणि मिल तलासरीच्या अलीकडे, हायवेला लागून. आधीची वर्षं रंगाच्या कारखान्यात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, लाल रंग लाल यायचा आणि निळा निळा. २०१४ साली मिलमध्ये लागले. मालक जयंतीशेठ स्वतः शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा वर्ज्य, आणि धंदा कोंबड्या पोसायचा. गुजराती आणि मराठी एकाच वाक्यात इतकी सहज मिसळायचे की शेवटी मलाही कळेनासं झालं, आपण कुठल्या भाषेत उत्तर देतोय. प्रथिनांच्या टक्केवारीला ते ‘टका’ म्हणत. सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून आत न येता विचारायचे, “बेन, टका किती?” मासळीच्या वासाने त्यांना मळमळायचं, पण टक्क्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

शेठच्या टक्क्याची कीर्ती अशी पसरली की लोक बाहेरूनही नमुने आणू लागले. तलासरीत व्यायामशाळा चालवणारा एक भला दांडगा माणूस एकदा प्रोटीन पावडरीचा डबा घेऊन आला. डब्यावर त्याच्यापेक्षाही दांडग्या माणसाचं चित्र. म्हणाला, “मॅडम, असली आहे का नकली, तेवढं सांगा.” मी चाचणी केली. आकडा भरघोस आला. “यातला नायट्रोजन अस्सल आहे,” मी म्हटलं. “आणि प्रोटीन?” “ते या चंबूला विचारून कळत नाही.” तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच नकली आहे. पैसे मात्र देऊन गेला आणि पावडर विकत राहिला. शेठ म्हणाले, “बेन, गिऱ्हाइकाला आकडा द्यायचा. तत्त्वज्ञान फुकट देऊ नका.”

तत्त्वज्ञान कसलं, साधी गोष्ट होती. प्रथिन म्हणजे माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं, त्यांच्या वीस जाती. कुठला मणी कुठल्यानंतर ओवला यावर ती माळ माशाचं मांस होणार, अंड्याचा बलक होणार की कोंबडीचं पीस, हे ठरतं. माळ नुसती लांब लोंबत नाही. आपल्या ठरलेल्या घडीत ती स्वतःला दुमडून घेते, आणि घडी बसली की मगच कामाला लागते. घडी मोडली की काम संपलं. अंडं उकडल्यावर पांढरं होतं ते त्यामुळेच. आतल्या घड्या उलगडून एकमेकींत गुंतून बसतात, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ते अंडं कच्चं होत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये एक प्रथिन असतं ते पक्ष्याच्या पोटातल्या पाचक रसाला कुलूप लावतं. म्हणून आम्ही सोयाबीन भाजायचो, त्या कुलपाची घडी मोडायला. कमी भाजलं तर कोंबडीचं पोट बंद, जास्त भाजलं तर मणीच करपले. टका तिन्ही वेळा तोच. शेठना हे मी समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “सारू. म्हणजे टका बदलत नाही ना?”

आता वरोरच्या पार्वतीबायकडे येते. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

वरोर हे समुद्रकाठचं गाव. पुरुष होडीवर आणि बायका सुकवणीवर. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. ती उन्हात वाळवून त्यातली चांगली बाजारात जाते, आणि मोडकी, बारकी आमच्यासारख्या मिलांकडे येते. पार्वतीबाय आजूबाजूच्या घरांतून असा जवळा गोळा करायची, चाळून गोण्या भरायची आणि टेम्पोत पुढे बसून स्वतः घेऊन यायची. माझ्याच वयाची असेल. केसात अबोलीचा गजरा, कमरेला पिशवी आणि आवाज असा की हायवेवरचा ट्रकवाला हॉर्न वाजवायचं विसरावा. तिचा माल उघडला की हाताला वाळू लागायची नाही. रेतीवर पसरून सुकवलेल्या मालात वाळूचंच वजन फार असतं. ही खळं सारवून घ्यायची आणि वर जाळं अंथरायची. चारही बाजूंच्या बायका आपला जवळा तिच्याच गोणीत घालायच्या, कारण तिच्या गोणीला मिलमध्ये कधी ‘नाही’ ऐकावं लागत नव्हतं. तिच्या नावावर पाखाडीतल्या, म्हणजे तिच्या वस्तीतल्या, किती चुली चालत होत्या, ते मला पुढे कळलं.

पण टका कमी यायचा. जवळ्याला कवच असतं, मांस बेताचंच. शेठ दर खेपेला फाटकावर उभे राहून तेच बोलायचे, “पार्वतीबेन, माल स्वच्छ आहे, पण बारीक आहे. बारीक माल, बारीक टका. काही मोठं आणा.” ते बोलून विसरायचे. सवयच होती त्यांना, कुणालाही काहीतरी जादा मागितल्याशिवाय गोणी उतरू द्यायची नाही.

पार्वतीबाय विसरली नाही.

पुढच्या खेपेला तिच्या मालाचा टका एकदम वर गेला. इतका वर की मी परत चंबू मांडला. तोच आकडा. शेठना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते प्रयोगशाळेच्या उंबरठ्याच्या आत आले. चेहरा फुलला. मग हळूहळू चेहऱ्यावरचं फूल मिटलं. त्या दिवसांत सगळ्या मिलवाल्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, की लोक मासळीत युरिया खत मिसळतात. युरियात नायट्रोजन ठासून भरलेला. तो चंबूत गेला की अमोनिया भरपूर, गुणिले सव्वासहा, टका आभाळाला. कोंबडीला त्याचा उपयोग शून्य, जास्त झाला तर विषच. दोन जोड चपला घेऊन पंगतीला यायचा हाच तो प्रकार.

“बेन, युरियाची चाचणी करा,” शेठ म्हणाले.

ही चाचणी मोठी मजेदार. कच्च्या सोयाबीनमध्ये आणखी एक प्रथिन असतं, युरिएज नावाचं. त्याला जगात एकच काम येतं: युरिया दिसला की त्याचा अमोनिया करून टाकायचा. नमुन्यात पाणी आणि कच्च्या सोयाबीनची पूड घालायची, वर ओल्या लाल लिटमसचा कागद टांगायचा. कागद निळा झाला की युरिया आहे. चोराला चोराच्याच जातीचा पोलीस पकडतो म्हणा ना.

कागद निळा झाला.

मी तेवढंच सांगितलं: युरिया आहे. आणि ते खरंच होतं.

पुढचं फाटकावर झालं. पार्वतीबायचा टेम्पो टक्क्याची वाट बघत उभा होता, मागे इतर तिघाचौघांचा माल, हमाल, वजनकाट्यावरचा माणूस, चहावाला. शेठ रागावले की मराठीत बोलायचे. “पार्वतीबेन, तुम्ही मालात खत घातलं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“खत?” तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. “आमच्याकडं शेत नाय, वाडी नाय. खत कुठशी आणू मी? आणि आणलं तर काय दर्यात पेरू?”

“यंत्र खोटं बोलत नाही.”

“मग मी बोलतंय?”

शेठ आत निघून गेले. गोण्या उतरल्याच नाहीत. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “बाय, तू बग ना परत.” मी परत बघितलं होतं. दोनदा. मी नकाराची मान हलवली. हमालांपैकी कुणीतरी मागून ओरडला, “ए, खतवाली!” आणि बाकीचे हसले. हमालांना काय, दिवसभर ओझी वाहून करमणूक लागतेच. टेम्पो वळला तेव्हा ती पुढच्या सीटवर नव्हती. मागे गोण्यांवर बसून आमच्या फाटकाकडे बघत होती. ते बघणं मला आजही नको वाटतं.

वरोरहून आमच्याकडे येणारा सगळाच माल शेठनी बंद केला. गावातल्या बायकांनी सरळ हिशेब केला: हिच्यामुळे मिल गेली. आपला जवळा त्यांनी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली, पडेल त्या भावाने.

आमच्याकडे तिच्या जागी बाहेरगावचा एक व्यापारी आला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्याची ‘फिश मील’ तपकिरी, मऊ, पिठासारखी. वासाला मासळी. युरियाची चाचणी स्वच्छ; लिटमस लाजेसारखा लाल. आणि टका? कधी पाहावा तेव्हा तोच. माशांचं कधी असं असतं का? कधी बोंबील, कधी मांदेली, कधी नुसती डोकी. आकडा इकडे तिकडे होणारच. मी शेठना म्हटलं, एकदा भट्टीत जाळून राख बघू या. ते म्हणाले, “टका बराबर, युरिया नाही. आता भट्टीची वीज कशाला जाळायची?” अशा शिस्तीच्या मालाला संशयाने पाहणं त्यांना पाप वाटत होतं.

कैनाडला देवजीभाऊंची पोल्ट्री होती. भाताची जमीन थोडी, म्हणून जोडीला अंड्यांच्या कोंबड्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. “मॅडम, तुमचं खाद्य टक्क्याचं हाय, पण कोंबड्या येकमेकीला खायला लागल्यात.”

मी गेले. शेडमध्ये शिरले आणि बघवेना. पाठी उघड्या पडलेल्या, शेपट्या नाहीत, रक्ताळलेली कातडी. एक कोंबडी दुसरीच्या पाठीतून पीस उपटायची आणि गिळायची, शांतपणे, जणू ठरवूनच. देवजीभाऊ म्हणाले, “घरवाली बोलते, नजर लागली. लिंबू बांधला. तो पण कोंबड्यांनी खाल्ला.” आम्ही दोघं हसलो, मग हसू थांबलं. त्यांची मुलगी पालघरला नर्सिंगला होती, आणि ते शिक्षण याच अंड्यांवर चाललं होतं.

मला दिसत होतं ते असं. पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्यात गंधक असलेले मणी खूप लागतात. कोंबडीला ते खाद्यातूनच मिळवावे लागतात. त्यांचा मूळ मणी, मेथिओनिन, तिला स्वतःच्या अंगात घडवता येत नाही. माळ ओवताना एका रंगाचा मणी संपला की माळ तिथेच थांबते. डब्यात बाकीचे एकोणीस रंग ओसंडून वाहत असले तरी. भरल्या ताटावरची उपासमार म्हणतात ती हीच. आणि जिवाला समजतं, काय कमी आहे ते. जगातल्या सगळ्या वस्तूंत तो मणी तिला एकाच ठिकाणी दिसत होता, शेजारणीच्या पाठीवर.

मिलवर येऊन मी शेठना न विचारता भट्टी लावली. माशाची राख पांढरी-करडी येते, हाडांची. ही निघाली हिरवी. पानासारखी नाही, जुन्या भिंतीवरच्या शेवाळासारखी मळकट, पण हिरवीच. हिरवी राख येते क्रोमियममुळे, आणि क्रोमियम येतं चामडं कमावण्याच्या कारखान्यातून. मूठभर मासळी वासापुरती, बाकी चामड्याचा भुसा. चामडंही प्रथिनच आहे, नायट्रोजन भरपूर. पण गंधकाचे मणी जवळपास नाहीत, आणि क्रोमने कमावलेली ती घडी इतकी पक्की की कोंबडीच्या पोटाला उलगडत नाही. ती आली तशी बाहेर जाते.

इतकी वर्षं मी पंगतीबाहेरच्या चपला मोजत होते. या खेपेला खरोखर चपलाच निघाल्या.

शेठनी वाकून राख पाहिली. शुद्ध शाकाहारी माणूस, चामड्याचा पट्टासुद्धा वापरत नसत. हळूच म्हणाले, “पण टका तर...” आणि स्वतःच थांबले. संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्याचा माल फाटकाबाहेर गेला. देवजीभाऊंना नवं खाद्य गेलं, त्याचे पैसे शेठनी लावले नाहीत. माणूस आकड्याचा होता, पण वाईट नव्हता.

दोन-तीन दिवसांनी मला म्हणाले, “बेन, वरोरच्या त्या बेनना निरोप द्या. जुनं सोडून दिलं. मी माफ केलं त्यांना. माल आणू दे.”

मी स्वतः वरोरला गेले. ती सुकवणीवर होती. बोंबील बांबूंवर जबडे अडकवून टांगलेले, खाली सारवलेलं खळं, आणि खळ्याचा बराचसा भाग रिकामा. मी निरोप सांगितला.

“माफ केलं?” ती जाळ्याचं टोक हातात धरूनच उभी राहिली. “माफी कोणी मागितली, बाय?”

मी जाळ्याचं दुसरं टोक उचलून धरलं.

“त्याला सांग, मी येणार नाय. फाटकावर बोलला ना? फाटकावर परत घेऊ दे.”

तिचं बरोबर होतं. पण शेठनी परत घ्यायचं तरी काय? लिटमस निळा झाला होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. निघताना मी तिला विचारलं, त्या एका खेपेला तू वेगळं काही केलं होतंस का?

तिचा चेहरा उजळला. “केलं ना! शेट नेहमी बोलायचा, बारीक माल, बारीक माल. मग मुशी घातली मी. पाखट घातला. खारवून सुकवलेले मोठे तुकडे, कुटून घातले. माझ्या पदरचे. जवळा म्हणजे काय, नुसतं कवच; मुशी म्हणजे मासा! म्हटलं, आता तरी त्याचा टका वाढेल.”

मला तेव्हाही काही सुचलं नाही. मुशी म्हणजे लहान शार्क, पाखट तिच्याच कुळातला, हे मला माहीत होतं. ते खाल्लेही होते. डोक्यात काही पेटलं नाही.

पेटलं ते रविवारी. सासूबाईंनी मुशी आणली होती, बाजारातून, ताजी. मी भांडं उघडलं आणि जागीच थांबले. माझ्या स्वयंपाकघरात माझ्या प्रयोगशाळेचा वास होता. तोच झणझणीत अमोनिया, रोज चंबूतून येणारा. सासूबाई म्हणाल्या, “अशी काय उभी? मुशीला असतोच तो वास, चिंचेच्या पाण्यात घालते आता.”

मग कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. समुद्र खारट, अंग कमी खारट. खारं पाणी अंगातलं पाणी ओढून घेणार. बाकीचे मासे आपापल्या युक्त्या करतात. मुशी आणि पाखट यांची युक्ती अशी, की जो युरिया आपण लघवीतून टाकून देतो तो ती अंगातच साठवून ठेवतात, मांसात, रक्तात, सगळीकडे. युरिया प्रथिनांच्या घड्या विस्कटतो, म्हणून सोबत आणखी एक पदार्थ बाळगतात, घड्या सावरून धरायला. जन्मापासून मरेपर्यंत असा तोल सांभाळत पोहायचं. मरून वाळल्यावर मात्र तो युरिया तिथेच राहतो, मिलमधल्या बाईच्या लिटमसची वाट बघत.

पार्वतीबाय करायला गेली गणपती आणि झाला मारुती. तिने शेठचा टका वाढवायला आपल्या घरचा सर्वात मोठा मासा घातला, आणि निघाली खतवाली. ज्याने खरंच फसवलं त्याचा कागद लाल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात; इथे सुळी मी माझ्या हाताने तपासून दिली होती. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला, तो कुणाचा हे ठरेना. मुशीचा तर येऊ शकत नव्हता.

सोमवारी सासूबाईंच्या मुशीचा एक तुकडा डब्यातून मिलवर नेला. शेठना नाकावर रुमाल धरून आत बसवलं. हा मासा पार्वतीबेनने पाहिलेलासुद्धा नाही, म्हटलं. कुटला, पाणी घातलं, सोयाबीन घातलं, कागद टांगला. निळा झाला. शेठनी तीन वेळा विचारलं की कुणी काही मिसळलं नाही ना. मग रुमाल बाजूला झाला आणि ते मोठ्याने हसले. “तो पछी भेळसेळ भगवाने करी!” म्हणजे भेसळ देवानेच केली.

“हो. आणि फाटकावर नाव पार्वतीबेनचं घेतलं.”

हसू थांबलं. रुमाल खिशात ठेवत म्हणाले, “बोलवा त्यांना. फाटकावरच.”

ती आली, टेम्पो न घेता, बसने, आणि एकटी नाही. पाखाडीतल्या पाच-सहा बायका सोबत, सगळ्या गजरा माळून, लग्नाला निघाल्यासारख्या. मुद्दामच आणल्या होत्या. फाटकावर तेच हमाल, तोच काटा, तोच चहावाला. शेठ बाहेर आले, हात जोडले. “पार्वतीबेन, माझं चुकलं. तुमच्या मालात युरिया नव्हता.”

“होता,” पार्वतीबाय म्हणाली.

शेठ गोंधळले. मीही.

“बायने मोजलाय, तो काय खोटा? युरिया होता. पण माझा नव्हता, मुशीचा होता. असं बोला. नायतर ही बाय खोटी पडते.”

शेठ तसं बोलले, शब्दाला शब्द. बायका टाळ्या वाजवू लागल्या. मी फाटकाच्या खांबाआड गेले, कारण डोळे भरून आले होते आणि हमालांसमोर रडायची माझी तयारी नव्हती. ज्या कागदाने तिचं नाव घालवलं तो माझा कागद खोटा पडू नये, याची काळजी तिने घेतली होती.

त्यानंतर वरोरचा जवळा पुन्हा येऊ लागला. मुशी-पाखट वगळून, बारीकच, टका बेताचाच. शेठनी बारीक मालाबद्दल बोलणं सोडलं. भट्टी मात्र दर खेपेला लागू लागली. देवजीभाऊंच्या कोंबड्यांना पिसं फुटली. मुलीने नर्सिंग पुरं केलं आणि तिच्या पेढ्यांचा डबा मिलवर आला. शेठनी पेढा उचलण्याआधी माझ्याकडे बघून विचारलं, “बेन, दूध असली?” माणसं सुधारतात, पण पुरती नाही.

पुढे शेठनी एक यंत्र आणलं. पूड ठेवायची, झाकण लावायचं, आत प्रकाश पडतो आणि क्षणात टका छापून येतो. गंधकाम्ल नाही, अमोनिया नाही, वास नाही. शेठ आता आत येऊन खुर्ची घेऊन बसू लागले. मी २०१९ मध्ये निवृत्त झाले तेव्हा माझे चंबू वरच्या फळीवर गेले होते. यंत्रालाही प्रथिन दिसत नाही. चंबूंनी काढलेले हजारो आकडे भरूनच त्याला शिकवलेलं असतं, तेच ते पाठ म्हणून दाखवतं, असं मी शेठना म्हटलं. ते म्हणाले, “बेन, आता तरी तत्त्वज्ञान बंद करा.”

शेवटच्या दिवशी हार, नारळ, शाल झाली. मी पर्स उचलत होते तेवढ्यात फाटकावरचा वॉचमन आला. नवाच होता, महिनाही झाला नव्हता त्याला. म्हणाला, “मॅडम, ती खतवाली आलीय तुम्हाला भेटायला.”

“कोण?”

“खतवाली. वरोरची. सगळे तेच म्हणतात ना.” बिचाऱ्याला ते तिचं नावच वाटत होतं.

शेठनी चारचौघांत शब्द परत घेतला होता, शब्दाला शब्द. पण टाळ्या वाजल्या तेव्हा हमालांचे हात गोण्यांखाली होते. ‘खतवाली’ हा आपला शब्द त्यांनी परत घेतलाच नाही. कुणी त्यांना विचारलंही नव्हतं.

बाहेर पार्वतीबाय उभी होती. तिने ऐकलं होतं, हाक मारण्याइतक्या अंतरावर तर होती. पदराआडून वर्तमानपत्रात बांधलेला पुडा काढून माझ्या हातात दिला. वास घ्यायची गरज नव्हती. मुशी होती, खारवून सुकवलेली, मोठे तुकडे.

“घे,” ती म्हणाली. “मोजू नको हां, बाय. खा.”